काकीचा अंगठा

आमच्या तुयेच्या काजू कारखान्यात माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब आहे की ओळखपत्रावर ते दोन ओळींत छापावं लागलं: पुरवठा साखळी सामाजिक जबाबदारी समन्वयक. कारखान्यातल्या बायका मला आंगठेवाली म्हणतात. मला त्यांचंच नाव आवडतं, कारण त्यात मी दिवसभर काय करते ते तरी कळतं.

मी अंगठे गोळा करते. दूरच्या एका थंड देशातला व्यापारी आमचा काजू घेतो. दोन वर्षांपूर्वी त्याने ठरवलं की पाकिटातला प्रत्येक गर कोणाच्या हातून आला हे त्याला कळलं पाहिजे. बी कोणी फोडली, साल कोणी काढली, त्या बाईला कोणी दमदाटी तर करत नाही ना, तिला हातमोजे मिळाले का, तिच्या जागी घरातली शाळकरी पोर तर बसत नाही ना. त्यासाठी फोनमधलं ॲप आलं, ॲपला जोडायचं अंगठ्याचं काळं यंत्र आलं आणि पाकिटावर काळ्यापांढऱ्या चौकटींचा कोड आला. तिकडच्या दुकानात उभ्या गिऱ्हाइकाने त्या कोडावर फोन धरला की आमच्या पेडणे तालुक्यातली एखादी बाई पदर सारखा करून हसताना दिसते. फोटो काढताना मीच त्यांना हसायला सांगते. हेतू चांगला होता हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्या यंत्राला बरंच काही बोलणार आहे.

माझं माहेर कोरगाव, सासर डिचोली. रोज दोन बसगाड्या बदलून मी तुयेला येते. यंत्र आलं तेव्हा पणजीहून एक तरुण आम्हाला शिकवायला आला होता. भिंतीवर चित्रं दाखवत त्याने सांगितलं की आता ह्यापुढे कुठल्याही गरावरून थेट माणसापर्यंत पोचता येईल, असं पूर्वी कधीच शक्य नव्हतं. मी मागच्या खुर्चीवर बसून हसले. त्याला वाटलं मी खूश झाले. मला माझी आई आठवली होती.

आमच्या कोरगावच्या घराच्या पडवीत दुपारी चार बायका बिया फोडायला बसायच्या. आई, शेजारची काकी, एक तळ्याकडची आणि एक देवळामागची. पेडण्याचा एक माणूस स्कूटरवरून पोतं टाकून जायचा आणि आठवड्याने गर न्यायला यायचा. बिया अंगणात पत्र्यावर भाजायच्या, राखेत घोळवायच्या, मग दगडावर ठेवून लाकडी दांड्याने एकच घाव. जोरात बसला तर गराचे तुकडे, हळू बसला तर टरफल तसंच. हाताला टरफलातला चीक लागू नये म्हणून बायका राख आणि खोबरेल तेल चोळायच्या, तरी तो लागायचाच. चौघींचे चार दांडे वेगवेगळ्या लयीत वाजायचे. शाळेतून येताना मी आवाजावरून सांगू शकायचे की आज देवळामागची आलेली नाही.

एकदा स्कूटरवाला तक्रार घेऊन आला. गेल्या खेपेला कोणाचे तरी गर काळवंडले होते, आणि पोती तर सगळी एकत्र झालेली. आईने त्याच्या पिशवीतला एक गर उचलला, उजेडाकडे धरला, उलटा केला.

“हो माजो न्हय,” ती म्हणाली. मग काकीकडे बोट केलं. “हिचोय न्हय. हिचो घाव टोकार बसता.”

मग तिने दुसरा उचलला, तिसरा उचलला, आणि तळ्याकडचीकडे बघून म्हणाली, “तुजो गे बाय. पत्रो तापलो काय तू गजाली मारीत रवतस.” तळ्याकडचीने गर हातात घेतला, बघितला आणि कबूल केलं की बिया तिनेच जास्त भाजल्या होत्या. सगळ्या हसल्या. स्कूटरवालाही हसला आणि चहा पिऊन गेला. कोड नाही, ॲप नाही. गराच्या टोकावर नखाएवढा ओरखडा असला की तो काकीचा, पाठीवर असला की आईचा, एवढं पुरत होतं.

आम्हा पोरांना मात्र आई बियांना हात लावू देत नसे. मला तर फारच मोह व्हायचा. दांडा उचलला की ती ओरडायची, “ठेव ता! अभ्यासाक बस.” आणि मी रुसले की माझं तोंड दोन्ही हातांत धरायची. तिचे हात इतके गुळगुळीत होते की गालावरून फिरले तरी कळायचं नाही. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया शेतात राबायच्या, त्यांचे हात खरखरीत. माझी आई मात्र नाजूक हातांची, असा मला गर्व होता. हे मी शाळेत सांगितलंही होतं. त्या हातांना भाजलेल्या काजूचा वास यायचा, आणि आज पन्नाशी उलटल्यावरही कारखान्याच्या फाटकात तो वास आला की क्षणभर मला कोणीतरी तोंड धरून समजावतंय असं वाटतं.

आई जाऊन सात वर्षं झाली. त्या चौघींपैकी आता एकटी काकी उरली आहे. तिच्या घरी आमच्याच कारखान्याची पोती जातात. बिया आता भाजत नाहीत, वाफवतात. दगड आणि दांडा गेला, पायाने दाबायचा कटर आला. बाकी काकी तीच. तिचा मुलगा डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर असतो, सून आमच्याकडे तुयेलाच गर निवडायला बसते, आणि दिवसभर घरात काकी, कटर आणि मांजर.

घरी फोडणाऱ्या बायकांची नोंदणी यंदा सुरू झाली; काकीचा फोटो झाला होता, अंगठा राहिला होता. त्यासाठी मी तिच्याकडे मुद्दाम रविवारी गेले, म्हणजे सूनही घरी असेल. त्या वाड्यावर फोनला रेंज नाही, ती फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते. पण ॲपची तशी सोय होती: आधी माहिती साठवायची, तुयेला आल्यावर ती आपोआप वर चढते. काकीने हौसेने अंगठा काचेवर ठेवला. यंत्र शुद्ध मराठीत म्हणालं, “कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

“कोण गे ही?” काकी म्हणाली. “बरां बोलता.”

आम्ही पुन्हा प्रयत्न केला. साबांव लावून हात धुतले. लिंबू चोळलं. पदराला पुसून, फुंकर मारून, उजवा, डावा, तर्जनी, करंगळी, सगळं झालं. दहा बोटं संपली तरी त्या बाईचा आवाज तेवढाच गोड. शेवटी काकी तिच्यावर भडकली. “कितके खेपे सांगतलंस? माजो आंगठो खंय गेलो काय?”

मी हसत होते, पण मनात दिवस मोजत होते. पंधरा दिवसांत अंगठा लागला नाही तर नाव यादीतून आपोआप गळतं. नाव गळलं की पोत्यावरचा कोड त्या घराला लागत नाही आणि गाडीवाला इच्छा असली तरी पोतं उतरवू शकत नाही. मी काकीला हे समजावलं. तिने कटरकडे बघितलं.

“पोतां नाय इलां तर मिया दीसभर काय करतलंय?” ती म्हणाली. “भितीक बघीत बसतलंय?”

तेवढ्यात सून चहा घेऊन आली, कपबशी ठेवली आणि आपला अंगठा यंत्रावर ठेवला. टिंग! हिरवा दिवा लागला.

“जालां,” काकी म्हणाली. “एकाच घरचो हात.”

आणि मी ते चालवून घेतलं. चूक आहे हे मला माहीत होतं. पण आमच्याकडे काम नेहमी घराच्या नावाने चालत आलंय. पोतं अमक्या घरी टाकलं म्हणायचं, बाईचं नाव कोण घेतो? काकी तापाने झोपली की सून फोडते, सून माहेरी गेली की काकी दोघींचं उरकते. त्या पडवीत बसल्यावर मला यंत्रापेक्षा ते जास्त खरं वाटलं. सुनेचा अंगठा आमच्या फाटकावरच्या हजेरी यंत्रात आधीपासून आहे, आणि तो मीच घेतलेला आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतका लांब हुद्दा असलेल्या बाईच्या!

सोमवारी तुयेला पोचले, माहिती वर चढली, आणि दुपारी माझ्या फोनवर लाल पट्टी. एकच बाई सकाळपासून कारखान्यात गर निवडते आणि त्याच दिवशी कोरगावात बिया फोडते. यंत्राच्या हिशेबाने आमच्या कारखान्यात एक बाई झोपतच नव्हती. सक्तीने जादा काम घेतल्याचा संशय किंवा बनावट कामगार, दोन्हींपैकी एक. काकीचं पोतं त्या क्षणी बंद झालं. दुसऱ्या दिवशी सून फाटकावर अंगठा लावत होती तर दिवा लाल. ती माझ्याकडे आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच.

“ताई, मिया चोर काय?” ती म्हणाली.

चोर मीच होते. मी शेटांकडे जाऊन सगळं सांगितलं. शेट म्हणजे आमचे मालक. माणूस वाईट नाही, पण कागदाला फार घाबरतो. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग चौकशी लागली. व्यापाऱ्याच्या वतीने देखरेख करणारी एक मुलगी पुण्याहून फोनवर काकीशी समोरासमोर बोलणार होती, आणि त्या वेळी कारखान्याचं कोणीही जवळ असता कामा नये असा नियम होता.

म्हणून मी काकीला विहिरीच्या कठड्यावर बसवलं, फोन कळशीला टेकवून ठेवला आणि स्वतः फणसाच्या झाडामागे जाऊन उभी राहिले. नियम पाळल्यासारखं झालं. ऐकू मात्र सगळं येत होतं, कारण फोनमधलं माणूस लांब आहे म्हणून काकी अख्ख्या वाड्याला पुरेल अशा आवाजात बोलत होती.

“आजी, तुम्हाला हातमोजे दिलेत का?” मुलीने विचारलं.

“दिल्यानी तर! दोन जोड!” काकी ओरडली. “थांब, दाकयतंय.”

ती घरात गेली आणि परत आली ती मोजे दोन्ही तळहातांवर आडवे धरून. घडी पुन्हा जशीच्या तशी घातलेली. लग्नातल्या शालीबरोबर तिने ते ट्रंकेत ठेवले होते. डांबरगोळ्यांचा वास फणसापर्यंत आला. “नवे आसत,” ती अभिमानाने म्हणाली. “कोण पावणो इलो, फोटो काडूचो जालो, काय घालतंय.”

त्याच मोज्यांतला तिचा फोटो मी महिन्यापूर्वी ॲपवर चढवला होता. तिथे हिरवी खूण मिळाली होती. मला विहिरीत उडी मारावीशी वाटली.

मग ती मुलगी म्हणाली, “आजी, तुमचे हात जरा कॅमेऱ्यासमोर धरता?”

काकीने हात पसरले.

“कॅमेरा पुसा ना, धुरकट दिसतंय.”

काकीने पदराने फोन पुसला. पुन्हा हात धरले.

“अजून तसंच. म्हणजे... तुमच्या पदराची वीण दिसतेय मला, काठही दिसतोय. हातच फक्त...” मुलगी थांबली. मग वेगळ्याच, साध्या आवाजात म्हणाली, “आजी, तुमच्या हातांवर रेषाच नाहीत.”

“नाय,” काकी म्हणाली. ह्यात विशेष ते काय, अशा सुरात. “चीक खाता बाय ता. लगीन जावन इलंय, थंयसून फोडतंय.”

मी झाडाच्या सालीला धरून उभी होते. पंधरा पावलांवर आईच्या घराची पडवी दिसत होती.

संध्याकाळी ॲपवर अर्ज आला. त्यात एकच चौकट भरायची होती: अंगठा न उमटण्याचं कारण. खाली निवडायला चार शब्द. वय, जखम, जन्मजात, इतर. शेट माझ्या मागे उभे होते.

“वय घाल आनी मोकळी जा,” ते म्हणाले. “म्हाताऱ्यांचे आंगठे लागनत नाय, सगळ्यांक ठावक आसा. म्हातारेचां काम चालू रवतलां, तुजांय भागतलां.”

ते खरंच होतं. ‘वय’ निवडलं की फोटोवरून काकीची नोंद झाली असती आणि दुसऱ्या दिवशी पोतं उतरलं असतं. खरं लिहिलं तर कारखान्यावर बोट आलं असतं आणि काकीचं पोतं राहील की जाईल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. काकीला विचारलं असतं तर तिने डोळे मिटून ‘वय’ सांगितलं असतं. मी म्हटलं, “शेट, उद्या भरतंय.” आणि घरी गेले.

जेवण झाल्यावर मी कपाटातून आईच्या कागदांची पिशवी काढली. मला एक जुनी प्रत हवी होती. मी सातवीत असताना आमच्या घराच्या कागदांवर आईचा अंगठा घ्यायचा होता म्हणून बाबा आम्हाला पेडण्याला घेऊन गेले होते. आईने शाईत अंगठा बुडवून कागदावर दाबला, आणि उठला तो नुसता काळा डाग. कारकून वैतागला. पुन्हा दाबला, पुन्हा डाग. पाच वेळा. “बाई, अंगठा आहे की भोपळा?” असं तो म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त हसले. आईही हसली, आणि बाहेर आल्यावर तिने मला पाव घेऊन दिला. आमच्या घरात ती गंमत पुढे किती वर्षं सांगितली जात होती.

ती प्रत मी दिव्याखाली धरली. पाच डाग, ओळीने. कडेपासून कडेपर्यंत सपाट काळे, एकातही एक रेष नाही. मी बोटांवर वर्षं मोजली. आई तेव्हा चौतीस वर्षांची होती. आज माझं जे वय आहे त्याच्यापेक्षा कितीतरी लहान.

ज्या हातांचा मी शाळेत गर्व सांगितला होता, ते नाजूक नव्हते. ते जळलेले होते. आणि मला तिने कधी दांड्याला हात लावू दिला नाही, ते अभ्यासासाठी नव्हतं. रोज सकाळी फाटकावर माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागतो आणि मी त्याचं कधी काही मानत नाही. त्या रात्री मी माझा अंगठा दिव्याखाली धरून बघितला आणि मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी ‘इतर’ निवडलं. पुढच्या ओळीत लिहिलं: आमचं काम. मग वाटलं एवढ्याने त्या थंड देशातल्या माणसाला कळणार नाही, म्हणून सगळंच लिहिलं. वाफवलेल्या बीला जास्त चीक असतो. मोजे घालून कटरवर बी धरता येत नाही, म्हणून ते कोणीच घालत नाही. फोटोपुरते घालतात. तो फोटो मी काढला आहे. सुनेचा अंगठा मी लावू दिला, सुनेची काही चूक नाही. बटण दाबलं आणि मग शेटांना सांगितलं.

“बाई,” शेट म्हणाले, “इतकां खरां लिवक कोणी सांगलेलां?”

सून दोन दिवसांत कामावर परत आली. काकीचं उत्तर यायला मात्र सहा आठवडे लागले, आणि त्या सहा आठवड्यांत मी कोरगावला गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार? सून सांगायची की काकी खरंच भिंतीकडे बघत बसते. एकदा म्हणे तिने रिकामा कटरच दाबला, नुसता, आवाजासाठी. ते ऐकून मला अन्न गोड लागेना. खरं लिहिण्याची हौस मला, आणि किंमत तिची.

उत्तर आलं ते असं. काकीचं नाव राहिलं, चेहऱ्याच्या फोटोवर. पण फोडायच्या बिया ह्यापुढे कोणाच्याच घरी जाणार नाहीत. फोडणी सगळी तुयेला, नव्या यंत्रावर, जिथे बीला हात लागत नाही. घरी फक्त फोडलेले, वाळवलेले गर जातील, वरची पातळ लाल साल काढायला. तिला चीक नसतो. निकाल चांगला होता. मी मनापासून खूश झाले आणि पोतं घेऊन गाडीबरोबर स्वतः कोरगावला गेले.

काकीने पोत्यात हात घातला. मूठभर गर काढून बघितले.

“हे कोणी फोडले?” तिने विचारलं.

“यंत्रान,” मी म्हटलं.

तिने एक गर उजेडाकडे धरला, उलटा केला, आईसारखाच. त्याच्यावर कुठेच ओरखडा नव्हता. “कोणाचोच न्हय,” ती म्हणाली आणि पोत्यात टाकला. मग माझ्याकडे न बघता बोलली, “सोलूचां काम कोणय करता. फोडूचां माजां होतां. तां तुया काडून घेतलंस.”

तिने चहा दिला, पण तोंड फिरवून. ज्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले तो आवाज कोरगावच्या पडव्यांतून मीच, माझ्या हाताने, एका बटणाने बंद केला होता. हे बरोबर होतं असं मी आजही म्हणेन. पण दुपारी त्या वाड्यावरून चालताना मला चुकल्या चुकल्यासारखं होतं, आणि त्याला बरोबर-चूक काही कळत नाही.

दर गुरुवारी मी गर न्यायला जायची. काकी हळूहळू बोलायला लागली. आधी मांजराशी, मग माझ्याशी. जाताना मी काळं यंत्र पुढे करायची, तशी गरज नव्हती, नुसती गंमत म्हणून. काकी अंगठा ठेवायची, ती गोड बाई म्हणायची पुन्हा प्रयत्न करा, आणि काकी तिला एक शिवी द्यायची. आमचा तो रिवाजच होऊन बसला.

चतुर्थीच्या आधीचा गुरुवार होता. सून माटोळीला, गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधायची फळं धूत होती. मी घाईत होते. यंत्र काढलंच नव्हतं. काकीनेच आठवण करून दिली. “ती बाय खंय? तिका काड.”

तिने अंगठा ठेवला, शिवी तोंडात तयार होती.

टिंग.

हिरवा दिवा. काकीने अंगठा उचलला, परत ठेवला. टिंग. सून धुवायचं टाकून धावत आली. मी काकीचा हात ओढून अंगणातल्या उजेडात नेला. अगदी बारीक, फिकट, पण होत्या. अंगठ्याच्या पोटावर गोल गोल रेषा फिरत गेल्या होत्या. लग्न होऊन आल्यावर गेलेला अंगठा सत्तरीत परत आला होता. सून रडायला लागली. काकी मात्र बोटांवर बोटं चोळून बघत होती, काहीतरी न आवडल्यासारखी.

“खरखरीत लागता गे,” ती म्हणाली. “हे माजे हातशे दिसनत नाय.” आणि खात्री करून घ्यायला तिने दोन्ही हातांत माझं तोंड धरलं. “बघ. लागता ना गे तुका?”

लागत होतं. सुक्या, जाड, खऱ्या हातांची खरखर माझ्या दोन्ही गालांवर लागत होती. मी त्या हातांसाठी एवढं केलं होतं आणि मला आनंद झाला होता, खूप झाला होता.

“नाय काकी,” मी म्हटलं, “नाय लागत.”

मग मी रडले, आणि त्या दोघींना वाटलं अंगठा लागला म्हणून. मला आईचा हात हवा होता. तोच, गुळगुळीत, गालावरून फिरला तरी न कळणारा. तो कशाने तसा झाला होता हे कळल्यावरही मला तोच हवा होता, आणि हे मी काकीला अजून सांगितलेलं नाही.